नाकाचा इलाज की हवेचा?

घट बसायच्या आधी घरातल्या गोधड्या, चादरी, पडदे धुवायला निघतात. माळ्यावरचे डबे खाली येतात, जळमटं काढली जातात, पंख्याची पाती पुसली जातात. पाऊस नुकताच ओसरलेला असतो आणि पुण्याच्या टेकड्यांवरचं गवत कमरेएवढं वाढून तुऱ्यावर आलेलं असतं. नेमक्या याच दिवसांत कितीतरी घरांत कुणीतरी पहाटे उठून सलग शिंका देतं, नाक चोळत आंघोळीला जातं आणि म्हणतं, 'माझं सायनस पुन्हा सुरू झालं.'

आमच्या घरात हे वाक्य आई म्हणते. ती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली आहे. तिची भाची, म्हणजे माझी मामेबहीण, कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. आईचं ठाम मत आहे की रोग हवेत आहे, तेव्हा इलाजही हवेचाच व्हायला हवा. लोकांच्या नाकात जन्मभर फवारे मारत बसणं म्हणजे मूळ दुखणं तसंच सोडून देणं. ताई म्हणते, हवा सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर माणसाने रात्री झोपायचं कसं? दोघी एकमेकींना मनापासून मानतात आणि या विषयावर अजिबात ऐकून घेत नाहीत. त्यांचं बोलणं इथे देतो आहे, कारण दोघींपैकी कुणा एकीचंच ऐकलेल्या घरांत लोक विनाकारण त्रास काढताना मी पाहिले आहेत.

ताई: आत्या, तुला सायनसचा त्रास आहे हे ठरवलं कुणी?

आई: ठरवायचं काय त्यात? नाक चोंदतं, कपाळ जड होतं, शिंका थांबत नाहीत. एक्स-रे काढला होता, त्यात गालाच्या बाजूला डाग आहे म्हणाले. शिवाय नाकाचं हाड वाढलंय.

ताई: डोळे खाजतात? टाळूला आतून खाज येते?

आई: टाळूला तर इतकी, की जिभेने खाजवत बसते.

ताई: नाकातून येतं ते पाण्यासारखं की घट्ट, पिवळं? आणि फोडणीचा वास येतो ना?

आई: पाण्यासारखं. रुमाल भिजून जातो. वास येतो की, शेजारच्यांच्या फोडणीचासुद्धा येतो.

ताई: मग तुझी ही नाकाची ॲलर्जी आहे. खाज, शिंका, पाणी आणि चोंदलेलं नाक, ही तिची चार लक्षणं. सायनसच्या जुनाट सुजेत खाज नसते. तिथे घट्ट स्राव मागे घशात उतरत राहतो, चेहरा दडपल्यासारखा वाटतो आणि वास कमी होतो. असं बारा आठवड्यांहून जास्त चाललं तर त्याला जुनाट म्हणायचं. दोन्ही एकत्र असू शकतात, पण औषध लिहिण्याआधी तुझं कुठलं आहे ते कळायला हवं.

आई: आणि एक्स-रेमधला डाग?

ताई: साध्या सर्दीतही डाग दिसतो गं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९४ साली नुकतीच सर्दी झालेल्या ३१ जणांचं सीटी स्कॅन केलं. त्यातल्या २७ जणांच्या गालातल्या पोकळ्यांमध्ये दोष दिसले. त्यांना अँटिबायोटिक दिलं नव्हतं. दोन आठवड्यांनी काही जणांचं पुन्हा स्कॅन केलं तर बहुतेकांचं आपोआप साफ झालं होतं. म्हणून सर्दीच्या ऐन भरात काढलेल्या फोटोवरून मी काही ठरवत नाही. जुनाट त्रास असेल, औषधं नीट घेऊनही कमी होत नसेल, तर सीटी. आधी दुर्बीण घालून आत पाहायचं.

आईने इथे त्या पोकळ्यांचं विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीची आतली रचना समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा तिचा जुना स्वभाव.

ताई: चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. गालांच्या हाडांत मोठ्या, भुवयांच्या वर कपाळात, डोळा आणि नाक यांच्या मधे बारीक बारीक कप्पे, आणि एक जोडी पार आत, कवटीच्या तळाशी. सगळ्यांना आतून नाकासारखंच ओलं अस्तर असतं. त्या अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि स्राव ठरलेल्या दिशेने पुढे ढकलतात. नाक आणि या पोकळ्या मिळून दिवसाला साधारण लिटरभर स्राव तयार करतात.

आई: लिटरभर? मग तो जातो कुठे?

ताई: आपण गिळतो, नकळत. आता गंमत बघ, गालातल्या पोकळीचं दार तळाशी नसतं, वर छताजवळ असतं. माठाची तोटी बुडाऐवजी गळ्याशी बसवावी तसं. त्यामुळे तिथला स्राव आपसूक गळत नाही, त्या केसांना तो वर चढवून बाहेर काढावा लागतो. आणि ते दार आहे जेमतेम काही मिलिमीटरचं. सर्दीने, ॲलर्जीने किंवा धुराने अस्तर सुजलं की दार बंद झालं. आत स्राव साठला, हवा जाईना, केस थकले, की पुढची कटकट सुरू होते. शस्त्रक्रिया करतो तेव्हाही आम्ही मुख्यतः ही दारंच मोकळी करतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून हा स्रावाचा प्रवास वर्षानुवर्षं पाहिला, तेव्हा हे उमगलं. त्याआधी आतलं अस्तरच खरवडून काढायचे.

आई: म्हणजे माझ्या हाडाला हात लावायचं कारण नाही?

ताई: तुझं हाड वाढलेलं नाही आत्या. मोठ्या माणसाचं असं हाड वाढत नसतं. नाकाच्या मधला पडदा थोडा एका बाजूला झुकलेला आहे, आणि तसा तो बहुतेकांचा असतो. किंवा नाकाच्या बाजूच्या भिंतीवर ज्या मांसल घड्या असतात, त्या ॲलर्जीने फुगलेल्या असतात, त्याच लोकांना हाडासारख्या वाटतात. पडदा इतका वाकडा असेल की एक बाजू कायमची बंद आहे, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. पण पडदा सरळ केला म्हणून शिंका थांबत नाहीत. ते रुग्णाला आधी सांगितलं पाहिजे.

आई: माझी तर कधी उजवी बंद असते, कधी डावी. कूस बदलली की बदलते.

ताई: ते तर प्रत्येकाचं होतं. काही तासांनी एका बाजूच्या घड्या फुगतात, दुसऱ्या बाजूच्या ओसरतात. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं.

आई: त्यासाठी जर्मनीला कशाला जायचं? आपल्या स्वरशास्त्रात चंद्रस्वर, सूर्यस्वर हेच सांगितलंय, नाकपुड्या आळीपाळीने वाहतात म्हणून.

ताई: खरं आहे, आणि त्यांनी ते नुसतं निरखून टिपलं. निरोगी माणसाला हा पालट जाणवत नाही. तुझ्या दोन्ही बाजू आधीच अर्ध्या सुजलेल्या आहेत, म्हणून जाणवतो.

मग डोकेदुखीचा विषय निघाला. आईचं डोकं महिन्यातून एकदा-दोनदा एका बाजूने ठणकतं, उजेड नकोसा होतो, पोटात ढवळतं, आणि त्याही वेळी ती कपाळाला सुंठीचा लेप लावून 'सायनस उठलं' म्हणून पडून राहते. ताईने ते ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

ताई: आत्या, ही अर्धशिशी आहे. अमेरिकेत २००४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना स्वतःला किंवा त्यांच्या डॉक्टरांना डोकेदुखी सायनसची वाटत होती, अशा २,९९१ जणांना तपासलं. त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारातली निघाली.

आई: पण तेव्हा माझं नाकही गळतं, डोळ्यांतून पाणी येतं.

ताई: येणारच. चेहऱ्याची, सायनसची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना एकाच मज्जातंतूतून जाते. अर्धशिशीत तो खवळला की नाक, डोळे दोन्ही पाझरतात. अशी माणसं वर्षानुवर्षं अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहतात. डोकं दोन दिवसांत एरवीही थांबणारच असतं, श्रेय गोळीला जातं.

मला विचाराल तर सगळ्या बोलण्यातली ही सर्वांत कामाची माहिती होती. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, ओकारीची भावना होते, आणि नाकातून घट्ट स्राव मात्र नाही, अशा माणसाने सायनसच्या औषधांवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना अर्धशिशीबद्दल विचारावं.

आई मात्र आता सावरून बसली होती.

आई: बरं, ॲलर्जी तर ॲलर्जी. मग ती आली कुठून ते बोल. मँचेस्टरचे डॉक्टर ब्लॅकली यांना दर उन्हाळ्यात हाच त्रास व्हायचा. त्यांनी गवताचे परागकण गोळा करून स्वतःच्या नाकात, त्वचेवर घालून पाहिले. वरच्या हवेत परागकण आहेत का हे बघायला चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवले! १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. रोग परागकणांचा आहे हे तेव्हापासून माहीत आहे. आणि आपण काय करतो? टेकडीच्या पायथ्याला, रस्त्याकडेला, प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजू देतो. या गवताची भारतातली पहिली शास्त्रीय नोंद पुण्याच्या झाडांवरून झाली, १९५६ साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. परदेशी गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, जुने नमुने त्याहून आधीचेही सापडलेत, पण पसरलं ते या सत्तर वर्षांत. एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्याच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जी होते हे बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. आणि आपण दसऱ्यानंतर, बी पडून गेल्यावर, ते कापायला माणसं लावतो!

ताई: कधी कापायला हवं?

आई: कापायचंच नाही, उपटायचं. पावसाळ्यात, फुलायच्या आधी, जमीन मऊ असताना, मुळासकट. हातमोजे घालून, कारण अंगालाही उठतं. आणि ज्याला आधीच शिंका आहेत त्याने त्या कामाला जायचंच नाही. मेक्सिकोहून १९८४ साली एक भुंगेरा मुद्दाम आणून सोडलाय, तो त्याची पानं खातो. पावसात तो कामाला लागलेला दिसतो. नेमकी तेव्हाच लोक त्यावर कीटकनाशक मारतात.

ताई: आणि सप्तपर्णी? दिवाळीच्या सुमाराला माझ्या दवाखान्यात सगळे तिच्यावर आळ घेतात.

आई: तिचा वास उग्र, रात्री तर गुदमरतं. पण तिचं परागण कीटक करतात, पराग वाऱ्यावर उधळत नाही. जिच्या फुलाकडे कुणी बघतही नाही ती गवतं खरी त्रासाची. वाऱ्यावर जगणाऱ्या वनस्पतीला देखणं फूल लागत नाही, पराग मात्र अमाप लागतो. म्हणून लोक सुगंधी झाड तोडतात आणि गवत तसंच ठेवतात.

ताई: पण आत्या, तुझा त्रास बारमाही आहे. गवत बारमाही फुलत नाही. तुला शिंका कधी येतात? पहाटे उठल्या उठल्या, आणि गोधड्या काढल्या की. ते टेकडीवरून आलेलं नाही, गादीतून आलेलं आहे. धुळीतले किडे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खातात आणि हवेतला ओलावा शोषून जगतात. घरच्या धुळीची ॲलर्जी म्हणजे मुख्यतः यांची, हे हॉलंडमधल्या लायडनच्या शास्त्रज्ञांनी १९६४च्या सुमारास शोधलं. आपण त्यांच्या विष्ठेला शिंकतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर त्यांची चंगळ असते.

आई: म्हणूनच आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखवायची पद्धत आहे.

ताई: चांगलीच आहे, उन्हाने ओलावा जातो. पण मेलेले किडे आणि त्यांची घाण आतच राहते. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर किडे मरतात आणि घाणही निघून जाते. गादीला घट्ट विणीची, चेनची खोळ घालायची. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसायचं. आणि ज्याला त्रास आहे त्याने जळमटं काढायची नाहीत. आपल्या घरांत नेमकी जिला शिंका येतात तीच डोक्याला पदर बांधून माळ्यावर चढते.

इथे दोघींचं एकमत झालं आणि रोख माझ्याकडे वळला. ते योग्यच होतं.

धुराबद्दल मात्र आई जास्त कडक निघाली. डासांची एक कॉइल जळते तेव्हा तिच्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. आई ती गोष्ट तिच्या विद्यार्थिनींना कायम सांगायची. दार-खिडक्या लावून, पाळण्याखाली कॉइल लावणारी घरं आजही आहेत. तिने आमच्याकडे मच्छरदाणी आणली. देवापुढे ती आता उदबत्तीऐवजी नुसतं निरांजन लावते, आणि तेवढ्याने देवघरातला तिचा वेळ सुखाचा झाला आहे. ताई यावर काहीच बोलली नाही, कारण धूर ही ॲलर्जी नसली तरी सुजलेल्या अस्तराला तो सोसत नाही, हे तिलाही मान्यच आहे. ज्यांच्या पोटापाण्यातच धूळ आहे, म्हणजे पिठाची गिरणी चालवणारे, सुतार, मिरचीचं कांडप करणारे, मळणीयंत्रावरचे मजूर, त्यांच्याबद्दल दोघीही कळवळून बोलल्या. त्यांना 'धुळीपासून लांब राहा' हा सल्ला देणं व्यर्थ आहे. त्यांना चांगला मास्क आणि औषध दोन्ही लागतं.

मग ताईने आईच्या पर्सकडे बोट दाखवलं.

ताई: त्यात ती थेंबांची बाटली आहे ना? किती दिवस वापरतेस?

आई: रात्री दोन थेंब घालते, लगेच मोकळं होतं. तुझ्या स्टेरॉइडपेक्षा बरं.

ताई: नाही आत्या, नेमकं उलट आहे. त्या थेंबांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून पाच मिनिटांत नाक उघडतं. पण तीन ते पाच दिवसांपुढे वापरलं की असर उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब. माझ्याकडे अशी माणसं येतात की बाटली उशाशी नसली तर त्यांना झोप लागत नाही. रक्तदाबाच्या माणसाला तर ते जपूनच द्यायला हवं. औषध बंद केलं की काही दिवस फार हाल होतात. ते दिवस निभावून न्यायला स्टेरॉइडचा स्प्रेच लागतो.

आई: स्टेरॉइड म्हटलं की मला २०२१ आठवतं. करोनातून वाचलेली माणसं काळ्या बुरशीने गेली. ओळखीतल्या एकांचा डोळा काढावा लागला. सायनसमधूनच चढली होती ना ती?

ताई: सायनसमधूनच. ते दिवस मी विसरू शकत नाही. बेकाबू साखर आणि त्यावर पोटातून किंवा शिरेतून दिलेले स्टेरॉइडचे मोठे डोस, अशा रक्तात ती बुरशी फोफावली. पण स्प्रेचा हिशेब वेगळा आहे. दोन्ही नाकपुड्यांत मिळून दिवसाला साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध जातं, आणि मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारख्या नव्या औषधांतलं दोन टक्क्यांहूनही कमी रक्तात पोहोचतं. स्टेरॉइडची एक साधी गोळी १० मिलिग्रॅमची, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅमची असते, आणि ती बहुतेक सगळी रक्तात जाते.

आई: म्हणजे काहीच अपाय नाही?

ताई: असं मी म्हणणार नाही. नाक कोरडं पडतं, कधी रक्त येतं. काचबिंदू असेल तर डोळे तपासून घ्यायचे, मुलांना देताना कमीत कमी डोस आणि उंचीकडे लक्ष. पण नाकाच्या ॲलर्जीवर यापेक्षा परिणामकारक औषध आज आपल्याकडे नाही. अडचण वेगळीच आहे. लोक दोन दिवस मारतात, गुण आला नाही म्हणतात आणि सोडतात. पूर्ण गुण यायला आठ-पंधरा दिवस रोज मारावा लागतो. शिवाय मारायची रीत चुकते. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. आणि जोरात हुंगायचं नाही. हुंगलं की औषध घशात जातं आणि नाक तसंच राहतं. रक्त येतं तेही बहुधा पडद्यावर फवारा मारल्यामुळे.

आई: आणि ती रात्रीची गोळी? सोसायटीत निम्म्या घरांत असते. माँटेलुकास्टची.

ताई: तिथे तुझी शंका रास्त आहे. त्या औषधाने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन उदास होतं, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साध्या ॲलर्जीला ते पहिलं औषध नव्हेच. आपल्याकडे ते लेव्होसेटिरिझिनबरोबर जोडून सर्रास दिलं जातं, दुकानातून चिठ्ठीशिवायही मिळतं. मुलाचं वागणं अचानक बदललं तर आईबापांनी त्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आई: मग सांग, माझी जलनेती तरी चालेल ना? का तीही बंद?

ताई: बंद कशाला? मी स्वतः लिहून देते. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला आहे, ॲलर्जीत आणि जुनाट सायनसमध्येही. पराग, धूळ, घट्ट स्राव, सगळं वाहून जातं. मग स्प्रेही अस्तरापर्यंत नीट पोहोचतो. नेती करून दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारायचा.

आईचा चेहरा खुलला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. तिथल्या शिबिरात ती तरुणपणी नेती शिकली होती.

ताई: फक्त पाणी कुठलं घेतेस?

आई: नळाचं कोमट करून.

ताई: कोमट करून चालत नाही. उकळायचं, चांगलं खळखळून किमान मिनिटभर, आणि मग निववायचं. अमेरिकेत लुइझियानात २०११ साली दोन माणसं नळाच्या पाण्याने नेती करून गेली. त्या पाण्यात अमीबा होता. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदू गाठतो. केरळात अशा अमीबाचे रुग्ण सापडताहेत. फार दुर्मीळ आहे, पण उकळलेल्या पाण्याने तो धोका उरतच नाही. मीठ पाव लिटरला अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी. भांडं रोज धुऊन वाळवायचं. नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, त्या दिवशी करायची नाही.

ओव्याची पुरचुंडी, निलगिरी, वाफ यांवर दोघींचं फार ताणलं नाही. ताईच्या मते निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्काने नाकातल्या थंडाव्याच्या संवेदना जाग्या होतात, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. सूज तशीच असते. बरं वाटतं ना, मग घ्यावं. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर मात्र चोळू नये, आणि मुलांना उकळत्या भांड्यावर वाकवू नये, भाजलेली मुलं तिने पाहिली आहेत. दह्याने आणि केळ्याने सर्दी होते यावर आई अडून बसली. सर्दी विषाणूने होते, हे तिला पुस्तकातून ठाऊक आहे, पण तिच्या आईने तिला पावसाळ्यात दही दिलेलं नव्हतं, आणि हा मुद्दा त्या दिवशी सुटला नाही.

अँटिबायोटिकवर ताई एरवीपेक्षा जास्त वेळ बोलली.

ताई: शेंबूड हिरवा-पिवळा झाला की लोक गोळी मागतात. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या द्रव्यांचा असतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. सर्दी झालेल्या शंभर मोठ्या माणसांत फार तर दोघांना पुढे जिवाणूंचा सायनस होतो. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस १०२च्या वर ताप आणि पू, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी बरं वाटून पुन्हा एकदम बिघडलं, तर जिवाणू आहेत असं मी धरते. एरवी नाही.

आई: पण रुग्ण रिकाम्या हाताने जायला तयार नसतो, म्हणून तुम्ही लिहून देता.

ताई: देतात. आमच्या धंद्याचा तो दोषच आहे.

आई: मग माझं ऐक. तुम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाखाली एक ओळ लिहावी: कॉइल बंद करा, गादीला खोळ घाला, कोपऱ्यावरचं गवत उपटून घ्या. पालिकेला दर जूनमध्ये तुमच्या संघटनेचं पत्र जाऊ दे. परागकणांची रोजची मोजणी पावसाच्या बातमीबरोबर छापून येऊ दे. एकट्या माणसाच्या नाकात औषध घालून गावची हवा सुधारत नाही.

ताई: पत्र मी लिहिते. पण तू त्वचेवरची चाचणी करून घे. हातावर वेगवेगळ्या द्रव्यांचे थेंब ठेवून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. आठवडाभर आधी ॲलर्जीची गोळी बंद ठेवायची. किड्यांची किंवा गवताचीच ॲलर्जी नक्की निघाली, आणि स्प्रेने भागत नसेल, तर त्याच द्रव्याचे चढते डोस टोचून किंवा जिभेखाली देऊन शरीराला सवय लावता येते. लंडनच्या नून यांनी १९११ मध्ये हा उपाय पहिल्यांदा छापला. तीन ते पाच वर्षं चालतो, पण ॲलर्जीचं मूळ बदलणारा तेवढाच आहे.

आईने चाचणीला होकार दिला, स्प्रेला महिनाभरासाठी दिला. माझं मत विचारलंत तर या घडीला नाकाचा इलाज आधी, कारण नीट झोप न झालेला माणूस गावच्या हवेसाठी भांडायला उभा राहू शकत नाही. पण आईचं म्हणणं दुसऱ्या क्रमांकावर ढकलून विसरण्यासारखं नाही. नाकाची जुनी ॲलर्जी पुढे अनेकांना दम्यापर्यंत नेते, आणि तोवर कोपऱ्यावरचं गाजर गवत आणखी चार वेळा बी टाकून मोकळं झालेलं असतं.

निघताना ताईने जे सांगितलं ते वाचकांनी कृपा करून आपल्या घरातल्या मोठ्यांना आजच सांगावं. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, सर्दीत मान ताठ होऊन असह्य डोकं दुखू लागलं, किंवा मधुमेही माणसाच्या नाकात अथवा टाळूवर काळी खपली दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जा. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, तर तिला ॲलर्जी समजू नका. मोठ्या माणसाची वरची दाढ आणि नाकाची आतली बाजू तपासून घ्या, आणि लहान मूल असेल तर त्याने नाकात शेंगदाणा किंवा मणी घातला आहे का ते पाहून घ्या.